दाणा सौम्य, पान तिखट: मोहरीतली 'दारं' बंद करून शास्त्रज्ञांना काय सापडलं?

अख्खी मोहरी दाताखाली आली, तर लगेच फारशी तिखट लागत नाही. तीच मोहरी थोडं पाणी घालून फेसली, की थेट नाकात झणका जातो. लोणच्याला किंवा केळ्याच्या रायत्याला मोहरी फेसून लावणाऱ्या घरांत हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामागचं कारण साधं आहे. मोहरीच्या दाण्यात ग्लुकोसिनोलेट नावाची संयुगं असतात आणि ती तोडणारं मायरोसिनेज हे एन्झाइम शेजारीच, पण वेगळ्या कप्प्यात ठेवलेलं असतं. दाणा चिरडला आणि पाणी मिळालं, की दोघांची गाठ पडते आणि डोळ्यांत पाणी आणणारा पदार्थ तयार होतो.

मोहरीचं झाड ही सोय अर्थातच लोणच्यासाठी करत नाही. अळीने पान कुरतडलं की हेच घडतं आणि अळीच्या तोंडाची चव जाते. ग्लुकोसिनोलेट हे झाडाचं शस्त्र आहे. अडचण अशी, की झाड हे शस्त्र दाण्यातही भरभरून साठवतं. तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत ते मागे राहतं. गायी-म्हशी अशी पेंड काही प्रमाणात पचवतात, पण कोंबड्या आणि डुकरांना ती मानवत नाही. जास्त खाल्ल्यास थायरॉइडच्या कामावर परिणाम होतो. भारतीय मोहरीच्या वाणांत दर ग्रॅममागे साधारण १२० ते १६० मायक्रोमोल ग्लुकोसिनोलेट असतं. 'कॅनोला दर्जा' म्हणून जगात जे मानलं जातं, त्यात ते ३० पेक्षा कमी लागतं. गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणणाऱ्या देशात मोहरीच्या पेंडीला चांगला भाव मिळणं ही किरकोळ गोष्ट नाही.

मग झाडात ग्लुकोसिनोलेट तयारच होऊ दिलं नाही तर? पारंपरिक संकरातून कमी ग्लुकोसिनोलेटची वाणं तयार झालीही आहेत. पण त्यांच्यात ते दाण्यांबरोबर पानांतही कमी होतं आणि झाड किडीपुढे निःशस्त्र होतं. दाणा सौम्य हवा आणि पान तिखटच राहायला हवं, हे जमवायचं कसं, हा प्रश्न अनेक वर्षं अडून राहिला होता.

२०२३ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याचं एक उत्तर प्रसिद्ध केलं. 'वरुणा' या प्रचलित वाणात त्यांनी ग्लुकोसिनोलेटचं उत्पादन थांबवलं नाही. त्यांनी त्याची वाहतूक अडवली. दाण्यातलं प्रमाण ३० च्या खाली आलं, पानं आणि शेंगांमध्ये मात्र ते टिकून राहिलं किंवा वाढलं. बुरशी आणि पानं खाणाऱ्या अळीच्या चाचण्यांत या झाडांचा बचाव कमी पडला नाही आणि उत्पादनही घटलं नाही, असं त्यांच्या शोधनिबंधात म्हटलं आहे.

जीन एडिटिंगच्या बातम्यांत 'अमुक जनुक बदललं, तमुक गुण आला' एवढंच सांगितलं जातं. इथे खरी गंमत मधल्या पायरीत आहे. झाडात एखादी गोष्ट किती तयार होते, यापेक्षा ती कुठे पोहोचते यावर बरंच काही ठरतं. आणि कोणती गोष्ट कोणत्या दारातून जाते, हे शोधायला जीन एडिटिंग हे आजचं सगळ्यात उपयोगी साधन ठरलं आहे.

झाडाला दारं कुठून आली?

प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असतं. नायट्रेट, फॉस्फेट, लोह, साखर यांना त्यातून आपोआप आत-बाहेर जाता येत नाही. त्यासाठी पटलात प्रथिनांची दारं बसवलेली असतात. त्यांना वाहक प्रथिनं म्हणतात. कोणतं दार मुळाच्या पेशीत आहे, कोणतं पानाच्या, कोणतं दाण्याच्या वाटेवर, त्यावर त्या पदार्थाचा प्रवास ठरतो.

हार्मोन्सचंही तेच. झाडाला मज्जासंस्था नाही. मुळाने शेंड्याला निरोप द्यायचा, तर तो ऑक्सिन, सायटोकायनिन, जिबरेलिन अशा हार्मोन्समार्फत पाठवावा लागतो. ऑक्सिन पेशीतून बाहेर सोडणाऱ्या दारांचं एक कुटुंब 'पिन' नावाने ओळखलं जातं. हे नाव पडलं एका विचित्र झाडावरून. अराबिडॉप्सिस या मोहरीच्याच कुळातल्या, प्रयोगशाळांच्या लाडक्या रोपट्यात यातलं एक जनुक बिघडलं, तर दांड्याला फुलंच येत नाहीत आणि तो टाचणीसारखा नुसताच उभा राहतो. ऑक्सिन झाडात तयार होत असतं, पण ते योग्य जागी गोळा न झाल्याने फूल कुठे काढायचं हेच झाडाला कळत नाही.

ग्लुकोसिनोलेटची दारं २०१२ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी शोधली, तीही अराबिडॉप्सिसमध्येच. जीटीआर१ आणि जीटीआर२ अशी त्यांची नावं. दोन्ही बंद असलेल्या रोपांच्या बियांत ग्लुकोसिनोलेट उरलं नाही आणि पानांत ते दहापटीहून अधिक साठलं. गोदामाकडे जाणारा रस्ता बंद केल्यावर माल कारखान्यातच पडून राहावा, तसं.

दोनाचे बारा

अराबिडॉप्सिसमध्ये दोन जनुकं सापडली, तर मोहरीत तीच बंद करायला अकरा वर्षं का लागली?

कारण मोहरी हे गुंतागुंतीचं पीक आहे. तिच्या पूर्वजांमध्ये फार प्राचीन काळी संपूर्ण जनुकसंच तिप्पट झाला. पुढे अशा दोन जाती एकत्र येऊन आजची भारतीय मोहरी बनली. म्हणजे अराबिडॉप्सिसमधल्या एका जनुकाच्या इथे सहा प्रती, आणि दोन जनुकांच्या बारा. एक-दोन बंद केल्या, तरी बाकीच्या भावंडं काम सांभाळून घेतात आणि संशोधकाला काहीच फरक दिसत नाही.

वनस्पतींच्या वाहतुकीचा अभ्यास वर्षानुवर्षं इथेच अडत होता. एक जनुक बिघडवायचं, रोप वाढवायचं, आणि ते अगदी ठणठणीत निघायचं. त्यावरून 'या जनुकाला काही काम नाही' असं म्हणता येत नाही. घरात पाच भाऊ असतील, तर एक गावाला गेल्याने शेती थांबत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जीटीआर ज्या एनपीएफ नावाच्या कुटुंबातले आहेत, त्यात एकट्या अराबिडॉप्सिसमध्ये ५३ सदस्य आहेत.

जुन्या पद्धतीत किरणोत्सार, रसायनं किंवा जीवाणूंच्या मदतीने जनुकसंचात कुठेतरी बिघाड घडवायचा आणि हजारो रोपांतून हवा तो बिघाड शोधायचा, असं चालायचं. आंधळी कोशिंबीरच. बारा प्रतींतले बिघाड असे शोधून एकाच झाडात आणायचे म्हणजे पिढ्यांमागून पिढ्या संकर करत बसणं.

क्रिस्परने हे चित्र बदललं. त्याच्या शोधासाठी इमॅन्युएल शार्पंटिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यात दोन भाग असतात. पत्ता सांगणारा छोटा गाइड आरएनए आणि त्या पत्त्यावर डीएनए कापणारं कॅस९ हे प्रथिन. काप पडला की पेशी तो घाईघाईने सांधते आणि त्यात एखादं अक्षर गळतं किंवा जास्तीचं येतं. पुढचं सगळं वाचन चुकतं आणि ते प्रथिन बनत नाही. या कामात महत्त्वाची गोष्ट अशी, की भावंडं जनुकं एकमेकांसारखी दिसतात. त्यामुळे सगळ्यांत सारख्या असलेल्या तुकड्याचा पत्ता दिला, तर एकच गाइड अनेकांना गाठतो. मोहरीच्या गटाने बारापैकी दहा प्रती अशाच संपादित केल्या.

इस्रायलमधल्या तेल अवीव विद्यापीठाच्या गटाने हीच कल्पना २०२३ मध्ये आणखी ताणली. अराबिडॉप्सिसच्या जवळपास सगळ्या जनुक-कुटुंबांसाठी त्यांनी ५९ हजारांहून अधिक गाइड तयार केले. प्रत्येक गाइड दोन ते दहा भावंडांना एकदम गाठणारा. यातून सायटोकायनिनची ने-आण करणारे, आधी न कळलेले वाहक हाती लागले. एकेकटे बंद केले असते, तर ते कधीच दिसले नसते.

एका दारातून किती जण जातात?

इथून पुढे गोष्ट अवघड होते, आणि बातम्यांमध्ये नेमका हाच भाग गळतो.

जीटीआर१ ग्लुकोसिनोलेटचं दार आहे, हे २०१२ मध्ये कळलं. तीन वर्षांनी जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं, की त्याच दारातून जिबरेलिन हे हार्मोनही जातं. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना हे हार्मोन 'जीए' म्हणून चांगलंच परिचयाचं आहे. घड लांब आणि मणी मोठे व्हावेत म्हणून त्याची फवारणी किंवा डिपिंग केलं जातं. अराबिडॉप्सिसमध्ये जीटीआर१ बंद केल्यावर पुंकेसर नीट लांबले नाहीत, परागकोश व्यवस्थित उघडले नाहीत आणि बी धरणं कमी झालं. बाहेरून जिबरेलिन दिल्यावर ते सुधारलं. म्हणजे दोष फुलाचा नव्हताच, फुलापर्यंत निरोप पोहोचत नव्हता.

मोहरीत बियांचा तिखटपणा कमी करायला जे दार बंद करायचं, त्याच्याच भावंडातून फूल फळण्याचा निरोपही जातो. 'उत्पादन घटलं नाही' हे त्या शोधनिबंधातलं वाक्य त्यामुळे उपचारापुरतं नाही. संपूर्ण प्रयोगाचा कस तिथे लागतो.

हा एकच अपवाद असता, तर सोडून देता आला असता. पण नायट्रेटचं सगळ्यात आधी सापडलेलं दार, एनआरटी१.१, याचीही तीच कथा. १९९३ मध्ये त्याचं जनुक ओळखलं गेलं तेव्हा ते नुसतं नत्र आत घेणारं दार वाटलं. २०१० मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की ते ऑक्सिनही वाहून नेतं. मातीत नायट्रेट कमी असेल, तर ते कोवळ्या उपमुळांमधून ऑक्सिन बाहेर काढत राहतं आणि त्या मुळांची वाढ रोखली जाते. नायट्रेट भरपूर असेल, तर ऑक्सिन तिथेच साठतं आणि मूळ त्या दिशेने वाढतं. खत कुठे आहे हे तपासणं आणि मूळ कुठे पाठवायचं हे ठरवणं, दोन्ही कामं एकाच दारावरचा पहारेकरी करतो.

नत्र मिळाल्याची बातमी शेंड्यापर्यंत कशी जाते, याचंही उत्तर वाहतुकीतच आहे. मुळांना नायट्रेट मिळालं की त्यांच्यात सायटोकायनिन तयार होतं आणि जलवाहिनीतून वर चढतं. 'माल आला आहे, वाढायला हरकत नाही' असा तो निरोप. तो वर पाठवणारं एबीसीजी१४ हे दार २०१४ मध्ये सापडलं आणि त्याचा पुरावा मिळाला कलमं बांधून. दार बिघडलेल्या मुळावर निरोगी शेंडा बांधला, तर शेंडा खुरटला. निरोगी मुळावर बिघडलेला शेंडा बांधला, तर तो व्यवस्थित वाढला. म्हणजे दार मुळातच लागतं, हे ठरलं. त्या वेळी ही बिघडलेली रोपं जुन्या पद्धतीने मिळवलेली होती. आता क्रिस्परने असं रोप हवं त्या पिकात तयार करता येतं आणि पुढचं काम मात्र कोकणातला आंबा बागायतदार करतो तेच, कलम बांधण्याचं.

जपानच्या भाताचा धडा

दार बंद करताना सोबत काय अडतं, याचं ठळक उदाहरण भातात आहे. कॅडमियम हा विषारी जड धातू. जपानच्या तोयामा भागात विसाव्या शतकात खाणींमुळे जिंत्सू नदीचं पाणी दूषित झालं. त्या पाण्यावरचा भात खाऊन लोकांची हाडं ठिसूळ झाली, त्या रोगाचं नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय-दुखतंय', असं पडलं. भाताला कॅडमियमची काहीच गरज नसते. ते मँगेनीजच्या दारातून, एनरॅम्प५ मधून, चोरपावलांनी आत शिरतं.

चीनमध्ये २०१७ मध्ये क्रिस्परने हे दार बंद केलेल्या भाताची दूषित शेतात चाचणी झाली. मूळ वाणाच्या दाण्यांत किलोमागे ०.३३ ते २.९० मिलिग्रॅम कॅडमियम आढळलं, संपादित भातात ०.०५ हून कमी. चीनची मर्यादा ०.२ आहे. निकाल थक्क करणाराच. पण मँगेनीज हे झाडाला लागतं. दार बंद झालं की तेही कमी मिळतं. ज्या जमिनीत ते मुळात कमी आहे, तिथे त्याचा फटका बसू शकतो.

जपानमध्ये हेच जनुक क्रिस्परच्या आधी, आयन-किरणांचा मारा करून बिघडवलं गेलं होतं. त्यात डीएनएचं एकच अक्षर गळालं आहे. त्यातून तयार झालेलं 'अकिताकोमाची आर' हे वाण अकिता प्रांताने २०२५ पासून मोठ्या प्रमाणावर आणलं, आणि सोशल मीडियावर 'रेडिएशनचा भात' असा गदारोळ झाला. भात किरणोत्सारी नाही, हे सरकारला वारंवार सांगावं लागलं. मँगेनीज कमी असलेल्या शेतात या भातावर पानांवरचे तपकिरी ठिपके वाढतात का, त्यासाठी माती कशी सांभाळायची, हा खरा विचारण्यासारखा प्रश्न. तो त्या गोंगाटात फारच थोड्यांनी विचारला.

भारतातला भात आणि न संपणारा वाद

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी दिल्लीत जीन एडिटिंगने तयार केलेली भाताची दोन वाणं जाहीर केली. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेचं 'डीआरआर धान १००', अर्थात 'कमला', आणि दिल्लीच्या पुसा संस्थेचं 'पुसा डीएसटी राइस १'. यातल्या 'कमला'चा हार्मोनशी थेट संबंध आहे. सांबा मसुरी या लोकप्रिय वाणात सायटोकायनिन तोडणारं एक एन्झाइम निकामी केलं आहे. लोंबीत हार्मोन जास्त टिकतं, म्हणून दाणे जास्त धरतात. या जनुकाचं महत्त्व जपानी शास्त्रज्ञांनी २००५ मध्येच दाखवलं होतं. 'कमला'चं उत्पादन मूळ वाणापेक्षा १९ टक्क्यांनी जास्त आहे आणि ती सुमारे २० दिवस आधी तयार होते, असा सरकारचा दावा आहे. जीएम पिकांना विरोध करणाऱ्या संघटनांच्या आघाडीने त्यावर आक्षेप घेतला. चाचण्यांच्या अहवालांतले आकडे सगळीकडे या दाव्याला दुजोरा देत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. भारतीय कृषी संशोधन परिषदेने हा आरोप फेटाळला आहे.

कायद्याच्या बाजूने ही वाणं जीएम ठरत नाहीत. पर्यावरण मंत्रालयाने ३० मार्च २०२२ च्या आदेशाने, ज्या झाडांत बाहेरचा डीएनए उरलेला नाही अशा एडिटेड पिकांना १९८९ च्या नियमांतल्या कडक तरतुदींतून सूट दिली. कॅस९ चं जनुक सुरुवातीला झाडात घालावंच लागतं, पण पुढच्या पिढीत ते ज्या रोपांकडे आलेलं नाही तीच रोपं निवडली जातात. तुलनेसाठी, डीएमएच-११ ही जीएम मोहरी. तिला २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली, आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यावर परस्परविरोधी निकाल दिला. सौम्य दाण्याच्या मोहरीला तो रस्ता चालावा लागणार नाही.

सूट देण्यामागचा तर्क समजण्यासारखा आहे. एक अक्षर गळणं निसर्गातही घडतं. पण 'बाहेरचं जनुक नाही' आणि 'काही बदललं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सरकारी पत्रकांत त्या सर्रास एक होतात. वाहतुकीची दारं बदलणाऱ्या पिकांबाबत तर विशेषच. त्या दारातून आणखी काय जात होतं? वेगवेगळ्या जमिनीत, कमी पावसाच्या वर्षी काय झालं? हे सांगणारे आकडे शेतकऱ्याला आणि इतर शास्त्रज्ञांनाही सहज पाहता आले, तर 'कमला'सारखे वाद आरोप-प्रत्यारोपांत अडकणार नाहीत.

खाणाऱ्यांचाही एक प्रश्न उरतोच. बंगाल, बिहार, उत्तर प्रदेशात मोहरीचं तेल आवडतं ते त्याच्या झणक्यासाठी, आणि तो झणका ग्लुकोसिनोलेटचाच. पेंडीला सौम्य मोहरी चांगली, पण कढईत तिला किती जण पसंत करतील, हे बाजार ठरवेल.

शिवाय पेटंटचा मुद्दा आहे. प्रयोगशाळेत क्रिस्पर-कॅस९ वापरणं वेगळं आणि त्यातून तयार झालेलं बियाणं विकणं वेगळं. या तंत्राची पेटंट परदेशी संस्थांकडे आहेत आणि बियाणं बाजारात आणताना परवान्याचा प्रश्न येतो. कटकच्या भात संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये टीएनपीबी हे कॅस९ हून बरंच लहान प्रथिन वापरून भातात जीन एडिटिंग करून दाखवलं आहे. सरकारी वाणांसाठी पुढे कोणती कात्री वापरली जाते, त्यावर या बियाण्याची किंमतही काही अंशी ठरेल.